परवाचा सांगावा

आमच्या वस्तीवर सावड होती तोवर कुणी कुणाला मजूर म्हणत नसे. आज सगळ्यांनी मिळून बबननानाची बाजरी काढायची, उद्या आमची, परवा आणखी कुणाची. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. ज्याच्या शेतात काम असेल त्याने दुपारी जेवायला घालायचं आणि दुसऱ्याच्या पाळीला आपण होऊन जायचं. तिसगावपासून चालत तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याला आठ घरं होती. आठ घरांची मिळून पंधरा-सोळा कामाची माणसं. सावडीचं जेवण म्हणजे हुलग्याचे शेंगोळे, बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा, आणि घरात गूळ असेल तर गुळवणी. बांधावर बसून जेवताना बाया एकमेकींच्या शेंगोळ्यांना नावं ठेवायच्या. "सुमे, हे शेंगोळे हायेत का दावी?" असं कुणी म्हणालं की माझी आई म्हणायची, "तुला बांधायलाच केल्यात." मग सगळा बांध हसायचा. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानात अजून जसाच्या तसा आहे. आता भिंगारला आमच्या घरामागच्या कवायतीच्या मैदानावरून पहाटे बिगूल ऐकू येतो. तो वाजायच्या आधी मला जाग येते आणि बऱ्याचदा मी तेच हसणं ऐकत पडलेला असतो. बायको म्हणते, झोपेत तुम्ही कसलं तरी 'व्हय, व्हय' म्हणता.

वडील तेव्हा भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये वाढप्याचं काम करायचे आणि महिन्यातून दोनदा घरी यायचे. येताना पांढऱ्या पावाच्या कडा कागदात बांधून आणायचे. त्या कडा तव्यावर गुळाच्या पाण्यात भिजवून आई मला द्यायची. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघंच. आई पहाटे उठायची, चुलीपुढे बसून भाकरी थापायची, आणि तेवढ्या वेळात दिवसभराच्या कामाची उजळणी मोठ्याने करायची. कुणाला म्हणून नाही, चुलीलाच सांगितल्यासारखी. "आज ओढ्याकडचं खुरपायचं. मग शेरडं. मग गयीकडं जायचं." गयी म्हणजे गयाकाकी. ती आमच्या भावकीतली, ओढ्यापलीकडे राहणारी. तिचा नवरा विहिरीचं काम करताना गेला होता. घरात ती आणि मुलगी मंगल. आई आणि काकी शेवगावकडच्या एकाच गावच्या लेकी, एकाच वर्षी या वस्तीवर नांदायला आलेल्या. आईला 'सुमे' म्हणून हाक मारणारी अख्ख्या वस्तीत ती पहिली. बाकीच्यांनी ते तिच्याकडून उचललं. ओढ्याच्या त्या काठावरून काकी ओरडायची, "सुमेऽऽ, मीठ हाय का गं?" आणि या काठावरून आई ओरडायची, "हाय, पन तुला न्हाई." आणि मीठ घेऊन निघायची. मीठ दोघींच्या घरी असायचंच.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. बारावीला तिसगावला जायचो. सावडीत माझं काम सांगाव्याचं होतं. आदल्या दिवशी दिवेलागणीला आठही घरांत जाऊन 'उद्या अमक्याची सावड' एवढं सांगून यायचं. हे काम ज्याच्याकडे असेल त्याच्या शब्दावर सगळी वस्ती आपला दिवस ठरवायची. कुणी उलटून विचारत नसे. सांगावा म्हणजे सांगावा. बबननाना मला म्हणायचे, "सुभाष, तू आमचा रेडिओ." मला त्याचं फार भूषण वाटायचं.

एक गोष्ट मला स्वतःबद्दल लवकर कळली होती, पण तिचा अर्थ कळला नव्हता. आईजवळ असलो की मला थांबता यायचं. दिवाळीच्या आधी डोंगरातून सीताफळं आणली की आई ती बाजरीच्या कणगीत पुरून ठेवायची. मी रोज हात घालून एकेक फळ चाचपायचो आणि कच्चं असेल तर परत बाजरीत दाबून ठेवायचो. चार दिवस, पाच दिवस. आई नुसतं विचारायची, "झालं का रे?" आणि मी म्हणायचो, "अजून न्हाई." त्या 'अजून न्हाई'मध्येही मला गोडी वाटायची, कारण ते आम्ही दोघं मिळून म्हणत होतो. पण दिन्या आला की सगळं बदलायचं. दिन्या माझ्या वर्गात होता, वस्तीच्या खालच्या अंगाला राहायचा. तो कणगीत हात घालायचा, दगडासारखी टणक फळं काढायचा, आम्ही ती दगडावर फोडायचो आणि तोंड कडू करून घ्यायचो. मला माहीत असायचं की दोन दिवस थांबलं तर हीच फळं साखरेसारखी होणार आहेत. मला माहीत असायचं आणि तरी हात पुढे जायचा. दिन्यासमोर 'थांब' हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नाही. तो मला धमकावत नसे, चिडवतही फार नसे. तो नुसता हसत पुढे जायचा आणि मला मागे राहायची भीती वाटायची.

त्या वर्षी कांद्याची लागवड चालली होती. वाफ्यात पाणी सोडायचं आणि वाफा ओला आहे तोवर रोप हाताने दाबत जायचं. वाफा वाळला की रोप टोचता येत नाही, म्हणून एका दिवसात सगळं उरकायला माणसं लागतात. सात घरांची लागवड सावडीने झाली. गयाकाकी सातही ठिकाणी आली. शनिवार-रविवारी मंगललाही घेऊन आली. स्वतःची पाळी तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्या विहिरीला पाणी हळू यायचं. तीस वाफे भिजवण्याएवढं पाणी साठायला तिला पंधरा दिवस थांबावं लागणार होतं, आणि तेही ज्या आठवड्यात दिवसाची लाईट असेल तेव्हाच मोटर चालणार. दर वर्षी दसरा झाला की काकी मंगलला आमच्याकडे ठेवून ऊसतोडीला जायची. त्या वर्षी पहिल्यांदा ती गेली नव्हती. कांद्यावर वर्ष काढायचं, मंगलला दहावीपर्यंत शाळेत ठेवायचं आणि पोरीजवळ राहायचं, असं तिने ठरवलं होतं. आमच्या बांधावर वाकून रोप दाबता दाबता ती आईला म्हणाली होती, "सुमे, एवढा कांदा लागला की मी पाय पसरून झोपनार बघ."

आई म्हणाली, "तू झोपल्यावर घोरतीस. वस्तीला झोप न्हाई मग."

"घोरीन. माझ्या कांद्याच्या जिवावर घोरीन. तुला काय करायचंय?"

शेवटी तिने दिवस धरला. गुरुवार. आईला सांगितलं, मला सांगितलं. बुधवारी संध्याकाळी मी सांगाव्याला निघालो, तर वाटेतच दिन्या भेटला.

"सुभ्या, उद्या शिर्डी," तो म्हणाला. "मामाचा टेम्पो चाललाय. झेंडू आन् शेवंती न्ह्यायचीय. मागं फुलांवर बसून जायाचं. पहाटं निघायचं, सांजंला माघारी."

"उद्या गयाकाकीची सावड हाय."

"मग मर हितंच चिखलात." तो हसला. "आमी तिगं चाललोय. तुझी जागा धरली हुती. न्हाई म्हनतोस तर पम्याला सांगतो."

"परवा जाऊ की."

"परवा काय फुलं थांबत्यात व्हय? उद्या गुरुवार हाय. मामा म्हनला, पोरगं हुशार हाय म्हनं तुमचं, येऊ द्या त्याला."

मामा माझ्याबद्दल असं काही म्हणाला होता की नाही, मला माहीत नाही. मी त्या टेम्पोत एकदाही बसलो नव्हतो. मी शिर्डी पाहिलेली नव्हती. पण खरं सांगायचं तर मला शिर्डीचं काही नव्हतं. ते तिघं फुलांवर बसून जातील, आल्यावर आठ-आठ दिवस त्याच गोष्टी करतील, आणि त्या गोष्टींत मी नसेन, हे मला सोसवेना. आणि मी सावडीला गेलो नाही तर आईची मान खाली जाईल, हेही सोसवेना. तिथे उभ्या उभ्या मला एक सोपी वाट दिसली. सावडच एक दिवस पुढे ढकलायची. एका दिवसाने काय होणार आहे? गुरुवारऐवजी शुक्रवार. माझं जाणं होईल, काकीचं काम होईल, कुणाला काही कळणार नाही.

मी सहा घरांत जाऊन सांगितलं, "काकीची सावड परवा." कुणी विचारलं नाही. बबननाना म्हणाले, "बरं झालं, उद्या बाजार करून येतो." घरी येऊन आईला सांगितलं, "काकी म्हनली, पानी अजून साठायचंय. परवा करू." आई भाकरी थापत होती. ती थोडी थांबली. "सकाळी तर उद्या म्हनत हुती," ती म्हणाली. मी म्हणालो, "आता भेटली मला." आई म्हणाली, "बरं." मग मी ओढा ओलांडून काकीकडे गेलो. तिला सांगणार होतो की उद्या लोकांना जमत नाही, परवा सगळे येतात. घराला कडी होती. मंगलही नव्हती. दोघी विहिरीवर गेल्या असणार, मोटर बघायला. विहीर टेकाडाच्या पलीकडे, चालत दहा मिनिटं. मी टेकाडाकडे चार पावलं टाकली असतील, तोच खाली रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. दिन्या मामाबरोबर फुलं भरायला चालला होता, आणि त्याने हाक मारली, "सुभ्या, ये लवकर, भरू लागायचंय!"

मी वळलो. पहाटे जाता जाता काकीला सांगू, असं मनाशी म्हणालो. पहाटे टेम्पो रस्त्याला उभा होता, तिघं वर बसले होते, आणि मी धावत जाऊन वर चढलो. काकी मला आठवली नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ती मला आठवली. कोल्हारच्या पुलावरून जाताना, ऊन वर आलं होतं तेव्हा, ती मला नीट आठवली. मी दिन्याकडे पाहिलं. तो पोत्यावर उताणा पडून गाणं म्हणत होता. मी पण उताणा पडलो.

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी होता, हे मला लिहायलाच हवं. नाहीतर बाकी सगळं लिहिणं खोटं ठरेल. ओल्या फुलांचा गारवा पाठीला लागत होता. वारा तोंडावर येत होता. शिर्डीला आम्ही पोती उतरवली, मामाने मिसळ खाऊ घातली, दर्शनाच्या रांगेत दिन्याने पुढच्या माणसाच्या टोपीत झेंडू खोचला आणि तो माणूस तसाच देवापुढे गेला. आम्ही पोट धरून हसलो. तिथे भिंतीभिंतीवर सबुरी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं असणार. आठवत नाही.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आलो तेव्हा आई दारात पाय धूत होती. गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाय घासतच ती बोलली.

"काकी परवा म्हनली हुती, व्हय?"

"व्हय."

"तिच्या तोंडानं?"

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "व्हय."

"बरं," आई म्हणाली.

काय झालं ते मला तिने नाही, दुसऱ्या दिवशी मंगलने सांगितलं. पहाटे लाईट आली तशी काकीने मोटर चालू केली. आदल्या संध्याकाळपासून दोघींनी सगळं रोप उपटून जुड्या बांधून ठेवल्या होत्या. काकीने शेंगोळ्यांचं पीठ मळलं, चौदा माणसांच्या भाकरी केल्या, आणि वाफ्यांत पाण्याची दारं धरायला उभी राहिली. माणसं येतील म्हणून ती वाफ्यामागून वाफा भिजवत गेली. ऊन वर आलं तरी कुणी येईना. तेव्हा तिने मंगलला पळवलं. मंगल घरोघर फिरली. कुणी बाजाराला, कुणी डोंगरात लाकडाला, कुणी दुसऱ्या गावी. घरी होत्या त्या दोन म्हाताऱ्या आणि माझी आई. आई होती तशी धावली; कुणी का आलं नाही हे विचारायला-सांगायला कुणाला वेळ नव्हता. पाच जणींनी दिवस बुडेपर्यंत सहा वाफे लावले. विहीर दुपारीच तळाला गेली. चोवीस वाफे भिजून वाळले. पुढच्या आठवड्यात रात्रीची लाईट होती आणि विहिरीत पाणी नव्हतं. रोप पोत्याखाली पिवळं पडत गेलं. नंतर काकीने त्यातलं जगेल ते लावलं. उन्हाळ्यात सगळी गोल्टी निघाली, बोराएवढी. बाजारात कुणी हात लावला नाही.

पण शुक्रवारची सकाळ सांगायची राहिली. सांगावा शुक्रवारचा होता, म्हणून शुक्रवारी सगळी वस्ती काकीच्या शेतावर आली. बायांनी पदर खोचलेले, गडी बंड्या घालून. बांधावर चढले आणि थांबले. खाली वाफ्यांना भेगा पडल्या होत्या. काकी रोपाच्या ढिगाजवळ बसली होती. कालच्या भाकऱ्यांची दुरडी तिच्या शेजारी होती. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

"गये, हे काय गं?" बबननाना म्हणाले. "सांगावा तर आजचा हुता."

"कुनी सांगितला आजचा?" काकी म्हणाली. तिने वर पाहिलं आणि तिची नजर माणसांमधून फिरत मला शोधायला लागली. मला ती येताना दिसत होती. आता सांगायचं, असं मी मनात म्हणालो. दिन्या माझ्या शेजारी होता, त्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. गप, असं.

"म्या सांगितला," आई म्हणाली. ती पुढे झाली. "माझ्याच ध्यानात चूक झाली, गये. परवा म्हनलीस असं वाटलं मला. म्याच पोराला परवा म्हनून धाडलं."

काकी तिच्याकडे बघत राहिली. "सुमे, बुधवारच्या सकाळी ओढ्याला तुज्याशी बोलले मी. धा येळा उद्या म्हनले."

"व्हय. चुकले."

"धा येळा."

काकी उठली, दुरडीतल्या भाकरी शेरडांपुढे टाकल्या आणि घराकडे चालू लागली. ती माझ्या आईशी बोललेलं ते शेवटचं. त्यानंतर दोघी पंधरा वर्षं त्याच ओढ्याच्या दोन काठांवर राहिल्या.

घरी आल्यावर मी आईच्या पायाशी बसलो. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो. आई म्हणाली, "आता कशाला? दोनदा इचारलं तवा सांगायचंस." मग चुलीकडे तोंड करून, "माझं काय, मला बोल लावतील, ईसरतील. तुज्या शब्दाला उद्या कुनी इचारलं न्हाई तर जगशील कसा?" मला त्या वेळी खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका फार गोड होती. मी ती घेतली आणि गप्प बसलो, आणि मग रोजच गप्प बसलो. लोक तिला विसरले नाहीत. पुढच्या हंगामात सावड बसली तेव्हा आमचं घर धरलं नाही. आईने एकटीने बाजरी काढली. मी घरी असलो की मदत करायचो. ती बांधावर एकटी जेवायची आणि तिच्या शेंगोळ्यांना नावं ठेवायला कुणी नव्हतं. दोन-तीन वर्षांनी सगळ्यांचीच सावड मोडली, लोक रोजावर माणसं लावू लागले. ती माझ्यामुळे मोडली असं मी म्हणत नाही. तेवढा मोठा मी नव्हतो.

त्याच उन्हाळ्यात मंगलचं लग्न झालं. ती नववीत होती. काकीला पुन्हा ऊसतोडीला जायचं होतं, आणि पोरीला यंदा कुणाकडे ठेवणार? आमच्याकडे तर ठेवणार नव्हती. बीडकडचा मुलगा होता, तोही तोडीवरचाच. मांडवात मी पंगतीला वाढत होतो. मंगलच्या हातातला हिरवा चुडा कोपरापर्यंत घसरत होता. तिचे हात तेवढे लहान होते.

माझी मुलगी पुण्याला मानसशास्त्र शिकते. मागच्या दिवाळीत ती सांगत होती की, आत्ता लगेच मिळणारं बक्षीस आणि पुढे कधीतरी मिळणारं मोठं बक्षीस यांतलं काय निवडायचं, यावर मेंदूत वेगवेगळ्या हालचाली होतात. शेजारी कोण आहे, आपण कुणासाठी थांबतोय, समोरच्यावर आपला भरवसा किती आहे, यानेही त्या बदलतात म्हणे. मित्र बघत असले की आत्ताचं जास्त चमकतं, विशेषतः त्या वयात. ती उत्साहाने बोलत होती. मला एकदम हलकं वाटलं. सतरा वर्षांचा मेंदू, शेजारी दिन्या, वर फुलांचा टेम्पो. दुसरं काय होणार होतं? मी आणखी खोदून विचारायला लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढी आवड कधीपासून?" आणि मला स्वतःची किळस आली. कारण ती जे सांगत होती त्यात फक्त माझा मेंदू नव्हता. सात शेतांत वाकून रोप दाबताना काकीही थांबलेलीच होती. पंधरा दिवस विहिरीचं पाणी वाढताना बघत होती. तिच्या शेजारी आम्ही होतो, म्हणून तिला थांबता आलं. त्या सकाळी बांधाकडे मान वर करून बघताना तिच्या डोक्यात काय विझत गेलं असेल, ते मी मुलीला विचारलं नाही.

पुढे मला वडिलांच्या ओळखीने भिंगारला कारकुनाची नोकरी लागली आणि आई माझ्याकडे आली. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त कांदा चिरताना बायकोला म्हणायची, "लहान कांदे नको आनत जाऊ गं." दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो, राख चाळून अस्थी गोळा करायला. कानाला तोच शब्द, आणि या सावडीला आम्ही घरचे तिघंच होतो. वस्तीवरून चार माणसं आली होती ती आदल्या दिवशीच परत गेली. काकी आली नव्हती.

गेल्या महिन्यात मी वस्तीवर गेलो. सांगायचं ठरवून गेलो. काकी ओढ्यापलीकडच्या त्याच घरात, ओसरीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवरा गेल्यावर मंगल दोन मुलांना घेऊन परत आली, ती आता रोजाने खुरपायला जाते. ती रानातून यायची होती. मी काकीच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. टेम्पो, फुलं, सहा घरं, कडी लावलेलं दार. आईने पुढे होऊन काय केलं ते सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली,

"म्हंजी सुमी चुकली नव्हती."

"न्हाई."

"पंधरा वरीस ती हितं ओढ्याला धुनं धुवायची. मी वरच्या दगडावर, ती खालच्या. मी तिच्याकडं बघत नव्हते." तिचा हात चटईवर काहीतरी चाचपत राहिला. "तिनं एकदा हाक मारली हुती. माझं लुगडं वाहून चाललं हुतं म्हनून. म्या वाहू दिलं."

"काकी—"

"ती हुती तवर का न्हाई आलास? मी गेले असते रं तिच्याकडं. चालत गेले असते भिंगारला."

ती रडायला लागली, आवाज न करता, नुसतं तोंड हलत होतं. तेवढ्यात मंगल आली. डोक्यावर गवताचा भारा, केस पांढरे, माझ्यापेक्षा थोरली दिसत होती. भारा टाकून म्हणाली, "अगंबाई, दादा! कवा आला? आन् आई का रडतीय?"

"काय न्हाई," काकीने पदराने तोंड पुसलं. "सुमीचं नाव निघालं."

मंगल आत गेली. स्टोव्ह पेटवल्याचा, भांड्याचा आवाज आला. आतूनच ती बोलत होती. "लई चांगली हुती चुलती. मला येनी घालायची. त्या कांद्याच्या वक्ताला सांगताना चुकली, येवढंच. आईनं उगं धरून ठिवलं, दादा. मानूस चुकतंच की. मी कवाच सोडून दिलं हुतं." चहाचा कप घेऊन ती बाहेर आली आणि माझ्या हातात दिला. "साखर चालती ना? का शुगर हाय?"

काकीने तोंड माझ्याकडे वळवलं होतं. तिला दिसत नाही, पण मी कुठे बसलोय ते तिला माहीत होतं, आणि ती थांबली होती. मंगलही थांबली होती, उत्तरासाठी.

"चालते," मी म्हणालो. "चहा चांगला झालाय."

काकीने तोंड भिंतीकडे केलं.